आमच्या घरचं

“घरात आणखी कुणाला झालं होतं?” डॉक्टर केळुसकरांनी विचारलं.

“कुणालाच नाही,” तात्या म्हणाले.

प्रश्न मला होता. आजार मला झाला होता, शस्त्रक्रिया माझी झाली होती आणि डोक्यावर बोटाच्या पेरापेक्षा कमी केस माझेच होते. पण कऱ्हाडहून माझे वडील मुद्दाम आले होते आणि गप्प बसणं त्यांना कधीच जमलं नाही.

“आईकडे?”

“आई आहे. दोन मावश्या आहेत. आजी नव्वदीत गेली,” मी म्हणाले. “त्यांच्यात कुणालाच नाही.”

“आणि वडिलांकडे?”

“आमच्याकडे तर नाहीच नाही,” तात्या म्हणाले.

“तुम्हाला बहिणी किती?”

“एकच होती. धाकटी. इंदी.”

“त्या कशाने गेल्या?”

तात्यांनी मांडीवरची टोपी उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवली. “गेली ती छातीतल्या गाठीनेच. पण तिचं वेगळं होतं.”

“वेगळं म्हणजे?”

“तिला मार लागला होता. जेवताना कशावरून तरी वाजलं आणि नवऱ्याने पितळी तांब्या फेकला. इथे लागला.” त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला. “त्याची गाठ झाली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करते हे त्यांना ठाऊक होतं. मी टेबलाच्या काचेकडे पाहत राहिले. इंदूआत्याचं असंच झालं हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते, जसं अमक्याला साप चावला, तमका विहिरीत पडला, हे ऐकतो तसं.

“वय काय होतं त्यांचं?”

“चाळिशीला टेकली नव्हती.”

“काका,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “माराने ही गाठ होत नाही. गाठ आधीपासून असते. मार लागला की माणूस तिथे हात नेतो, चोळतो, आणि मग ती हाताला लागते. इतकंच.”

“डॉक्टर, तुम्ही शिकलेल्या आहात. पण मी तो तांब्या पाहिलाय. पोचा आला होता त्याला.”

“आला असेल. तांब्याला.”

तात्यांना राग आला, पण पुण्यातल्या डॉक्टरसमोर तो दाखवावा कसा हे त्यांना कळेना. डॉक्टर केळुसकरांनी कागद ओढला, एक चौकोन, एक गोल काढला, खाली आणखी एक गोल काढला आणि समजावून सांगितलं. असा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. बाप धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण त्याच्या प्रत्येक मुलाला, मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या रक्तात तो सापडलाच होता. आता तो कुणाकडून आला हे पाहायचं होतं, म्हणजे त्या बाजूच्या बायकांना सावध करता येईल.

“आईचं आणि वडिलांचं, दोघांचंही रक्त लागेल,” त्या म्हणाल्या.

“घ्या की,” तात्या बाही वर करत म्हणाले. “माझ्यात काय निघणार आहे?”

* * *

निकाल आला तेव्हा मी कऱ्हाडला जाऊनच सांगायचं ठरवलं. आई परातीत मटार सोलत होती. तात्या पंख्याखाली खुर्ची ओढून बसले होते.

“तात्या, तुमच्याकडून आलंय ते.”

“माझ्याकडून? मला काय झालंय?”

“तुम्हाला काही झालेलं नाही. तुमची अधूनमधून तपासणी करू. पण ते तुमच्या अंगात आहे आणि तिथूनच माझ्यात आलं. आईत नाही.”

आईने मटाराची शेंग तशीच हातात धरली. “परत सांग गं. जरा मोठ्याने.”

“आई...”

“नाही, सांगू दे. ही आजारी पडली तेव्हा कोण म्हणालं होतं, हिच्या आजोळी चौकशी करा म्हणून? तुम्ही सगळ्या खराड्यांनी मिळून माझ्या माहेरच्या म्हाताऱ्या मोजल्या. अहो, आमच्यातल्या बायका नवऱ्यांना पोचवून, वर दहा वर्षं भांडून मग जातात!”

एरवी तात्यांनी याला चोख उत्तर दिलं असतं. आता ते खुर्चीचा हात चोळत बसले. आईचं हसू हळूहळू ओसरलं.

“म्हणजे इंदीलाही...” ती म्हणाली.

“इंदूआत्याचं रक्त आता तपासता येणार नाही,” मी म्हणाले. “पण वय पाहता, बहुतेक तेच. आणि रत्नाला असण्याची शक्यता निम्मी.”

रत्ना इंदूआत्याची एकुलती एक मुलगी. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. तासगावच्या पुढच्या गावात निवृत्तीमामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, द्राक्षांचा मळा होता. मुलगा नव्हता म्हणून रत्ना आणि तिचा नवरा तिथेच राहत होते, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी तिला परकरात पाहिलं होतं, त्यानंतर नाही. आत्याच्या दहाव्यानंतर आमच्या घरातलं कुणीच त्या गावी गेलं नव्हतं.

त्या दहाव्याला मी होते. नदीवर पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. झाडावर चार-पाच बसलेले होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजी म्हणाले, कुणीतरी शब्द द्या, बाईचा जीव कशात तरी अडकलाय. निवृत्तीमामा पुढे झाले, म्हणाले, रत्नाला शिकवीन. कावळा आला नाही. दुसरं लग्न करणार नाही, म्हणाले. तरी आला नाही. तेव्हा तात्या गर्दीतून पुढे आले आणि सगळ्या गावासमोर ओरडले, “कसा शिवेल? मारलंय तिला यांनी! इंदे, तुझ्या भावाचं पाऊल पुन्हा या दाराला लागणार नाही!” आणि कावळा उतरला.

त्यानंतर कुणाला काही सिद्ध करायचं उरलंच नाही. निवृत्तीमामा वाळूत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“रत्नाला सांगायला पाहिजे,” मी म्हणाले.

“फोन कर,” तात्या म्हणाले.

“फोनवर कोण बोलतंय म्हणून सांगू? तिला माझा आवाजसुद्धा माहीत नाही. आणि मी सांगितलं तर ती बापाला विचारेल, आणि ते म्हणतील, तुझ्या मामानेच तर सांगितलं होतं माराने झालं म्हणून.”

तात्यांनी पंख्याचं बटण उगाच बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

“काय सांगायचं मग? दाजींनी मारलं नाही म्हणून?”

“तांब्या त्यांनी मारलाच होता. त्याने गाठ झाली नाही. गाठ आपल्या घरची. एवढंच.”

“एवढंच?” तात्या म्हणाले. “वीस-बावीस वर्षं त्या माणसाला मी चार गावांत खुनी म्हटलंय. लग्नाकार्यात तो एका दाराने आला की मी दुसऱ्या दाराने उठून गेलोय. आणि तू म्हणतेस एवढंच.”

“तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन.”

“हंगाम होऊ दे. आता त्यांची गडबड असेल.”

“तात्या, रत्नाचं वय काय असेल आता?”

त्यांनी मनात हिशेब केला. मला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग ते उठले आणि आईला म्हणाले, “माझी इस्त्रीची पँट कुठे आहे?”

* * *

गाडी मी चालवली. विटा सोडल्यावर तात्या एकदाच बोलले. “मी सांगतो. तू मधे बोलू नकोस.” मी बरं म्हणाले.

बेदाण्याचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीच्या शेड होत्या आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली. हवेला गोडसर, आंबूस वास होता आणि मधूनच गंधकाच्या धुरीचा झटका यायचा. घर विचारत जावं लागलं. तात्यांना जुनी खूण आठवत होती, पण तिथे आता दूध डेअरी होती.

घरामागच्या शेडच्या तोंडाशी एक बाई बेदाण्याच्या काड्या निवडत बसली होती. तिने वर पाहिलं, कपाळावर हात धरला आणि तात्यांकडे बघत राहिली. तिचं नाक, हनुवटी, मान किंचित तिरकी धरायची लकब, सगळं इंदूआत्याचं होतं. तात्या जागीच उभे राहिले.

“तात्यामामा न्हवं?” ती म्हणाली. “वाट चुकलासा जणू.”

“रत्ना...”

“व्हय, रत्नाच. वळखलंसा म्हनायचं. माज्या लग्नाची पत्रिका धाडली व्हती, आला न्हाईसा, तवा म्हटलं डोळं गेलं का काय मामाचं.” ती उठली, पदराने हात पुसले आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळली. “आन् ही सुनीती. केसं कशापायी कापलीस गं? पुन्यात अशी फॅशन हाय काय?”

“आजारी होते.”

“बया!” ती एकदम ओशाळली. “चला, आत चला. अण्णा हायती.”

निवृत्तीमामा आत, सोप्यात, बनियनवर बसले होते. मला ते धिप्पाड आठवत होते. आता खांद्याची हाडं वर आली होती. तात्यांना पाहून ते उठले, खुंटीवरचा सदरा घेतला, घातला, गुंड्या लावल्या आणि मग म्हणाले, “या.”

रत्ना चहा टाकायला गेली. दोघे म्हातारे समोरासमोर बसले. पाऊसपाणी झालं, द्राक्षाचा दर झाला. तात्यांनी विचारलं, यंदा माल कसा आहे. मामा म्हणाले, बरा हाय. मामांनी विचारलं, वैनी बऱ्या हायत का. तात्या म्हणाले, बऱ्या आहेत. चहा आला, संपला. रत्ना कपबश्या घेऊन आत गेली.

“दाजी,” तात्या म्हणाले, “एक सांगायला आलोय.”

“बोला.”

“हिला झालं होतं. इंदीला झालं होतं तेच.”

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “लेकराला?”

“आता बरी आहे. ऑपरेशन झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. त्या म्हणाल्या...” तात्यांनी घसा साफ केला. “त्या म्हणाल्या, माराने असलं काही होत नाही. शास्त्रात तसं नाहीच. ते मुळातच असतं.”

मी वाट पाहत होते. पुढचं वाक्य मला पाठ होतं, गाडीत मी ते त्यांच्या ओठांवर दोनदा पाहिलं होतं. ते आलं नाही.

“मुळात म्हंजी?” मामांनी विचारलं.

“म्हणजे... असतं कुणाकुणात. रक्तात. सांगता येत नाही.”

“तांब्यानं न्हवं?”

“तांब्याने नव्हे.”

मामांनी उंबऱ्याबाहेर पाहिलं. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं होईल. निदान ते चिडतील, तात्यांना घराबाहेर काढतील. ते म्हणाले, “तांब्या तर मी मारला व्हता.”

“हो, पण त्याने...”

“भाजीत मीठ कमी व्हतं. तेवढ्याला मारला.” आवाज चढला नाही. “ती मेली तवापास्नं मी हातातनं काय फेकलं न्हाई. पोरीवर आवाज चढवला न्हाई. म्हटलं, आपन मानूस मारलंय, आता गप ऱ्हायाचं. तात्या, तुमी तुमचं बोलनं माघारी न्यायला आलासा, न्या. माझं मी कुटं न्यू?”

माझ्याजवळ होतं ते सगळं खरं होतं, पण त्यातलं काही त्या माणसाच्या उपयोगाचं नव्हतं.

मी उठून आत गेले.

* * *

रत्ना मागच्या पडवीत भाकरीचं पीठ चाळत होती. “जेवल्याबिगर सोडनार न्हाई,” ती म्हणाली. “काय भांडत्यात का दोघं?”

“नाही.”

“मग लई वंगाळ. भांडली असती तर बरं व्हतं.”

मी तिच्याजवळ पाटावर बसले. तात्या सांगतील याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी तिला सगळं सरळ सांगितलं. माझ्यात काय निघालं, तात्यांत काय निघालं, ते तिच्या आईत बहुधा होतं आणि तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. एका रक्ततपासणीने कळतं. नसलं तर प्रश्नच मिटला. असलं तर दर वर्षी तपासत राहायचं, वेळेत सापडलं तर माणूस वाचतो. मी स्वतः समोर बसले होते.

ती ऐकत होती, चाळण थांबली नव्हती. “म्हंजी मामाकडनं आलं आमच्यात. आन् अण्णांवर घातलं. झकास हाय तुमचं.” ती हसली. मग विचारलं, “गाठ कशी असती गं?”

“कशी म्हणजे?”

“दुकती का?”

“बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणून तर कळत नाही.”

चाळण थांबली. तिने पिठाचे हात झटकले, दाराकडे पाहिलं, माझा हात धरला आणि पदराखाली नेऊन डाव्या बाजूला ठेवला. मला दाबावंसुद्धा लागलं नाही. लिंबाएवढी, कडक, जागची न हलणारी गाठ होती. मी बोटं वर काखेत नेली. तिथेही होतं.

“कधीपासून आहे हे?”

“खरड छाटनीपास्नं. मागल्या.”

खरड छाटणी एप्रिलात होते. म्हणजे वर्ष होत आलं होतं.

“रत्ना, कुणाला दाखवलं नाहीस?”

“काय दाखवायचं?” ती माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाली. “आईची गाठ माराची व्हती. मला काय कुनी मारलं व्हतं? ह्यांनी लगीन झाल्यापास्नं मला कवा बोट बी लावलं न्हाई. म्हटलं, ही ती न्हवं. दुधाची अडकली आसंल, न्हाईतर वाताची. आपोआप जिरंल.”

तिचा हात अजून माझ्या हातावर होता. पिठाने पांढरा झालेला. मी माझा काढून घेतला नाही आणि माझ्या चेहऱ्यावर काय दिसतंय याची काळजी घेत राहिले, पण ती मूर्ख नव्हती.

“तीच हाय व्हय?”

“तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही.”

“तू प्रयोगशाळेत हाईस म्हनं. सांग की.”

“पाण्याच्या, रत्ना. मी पाणी तपासते.”

“बरं,” ती म्हणाली. तिने पदर सारखा केला. “आजच्या दिस अण्णांना सांगू नगंस. जाळीवरचा माल उतरू दे. पंधरा दिसांत...”

“नाही. आज. आत्ता, माझ्याबरोबर.”

“भाकरी टाकते की आधी.”

“रत्ना!”

रत्ना त्यानंतर तीन वर्षं होती. त्यातली दोन चांगली गेली असं ती म्हणायची. पुण्यात माझ्याकडेच राहून तिने सगळे उपचार घेतले. डॉक्टर केळुसकरांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की ही एक वर्ष आधी आली असती तर. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, मलाही ते पुरं ऐकायचं नव्हतं. पण तो दिवस अजून संपला नव्हता.

मी सोप्यात आले तेव्हा मामा आणि तात्या होते तसेच बसलेले होते. मी दोघांनाही एकदमच सांगितलं. रत्नालाही गाठ आहे, बरीच मोठी आहे, मी तिला आज पुण्याला नेते आहे.

मामा उठले. नेमका त्याच वेळी रत्नाचा नवरा, भगवान, खांद्यावर रिकामे क्रेट घेऊन आत आला. बुटका, अबोल माणूस. आम्हाला बघून त्याने क्रेट खाली ठेवले आणि हात जोडले.

मामा त्याच्याकडे गेले आणि दोन्ही हातांनी त्याची गचांडी धरली.

“हात उचललास तू हिच्यावर?” ते ओरडले. “खरं सांग! कवा उचललास? माज्या घरात ऱ्हाऊन?”

“अण्णा, मी...” भगवानला काही कळत नव्हतं. “मी कशाला... रत्ना, काय झालं?”

“काय फेकलंस? काय मारलंस तिला?”

“अण्णा, सोडा त्यास्नी!” रत्ना दारातून म्हणाली. “त्यांनी काय केलं न्हाई!”

“मग गाठ कुटनं आली? आपोआप येती व्हय गाठ?”

मामांच्या हाताची पकड सुटत नव्हती. भगवान प्रतिकारही करत नव्हता. भिंतीशी रेटला गेला होता आणि मान हलवत रत्नाकडे बघत होता. ती दाराची चौकट धरून उभी होती. मी पुढे झाले, पण तात्या माझ्या आधी उठले होते.

त्यांनी मामांचे दोन्ही हात मनगटात धरले. “दाजी. सोडा. पोराचा काही दोष नाही.”

“बाजूला व्हा तुमी!”

“दाजी, ते आमच्या घरचं आहे.”

मामांनी मान वळवली.

“आमच्या घरचं,” तात्या म्हणाले. “मघाशी मी ते बोललो नाही. डॉक्टरांनी रक्त काढून बघितलं. माझ्या अंगात आहे ते. इंदीच्या अंगात होतं. आम्ही तुमच्या घरी लग्न करून दिली तेव्हा ती ते घेऊनच आली. तुम्ही नाही दिलंत तिला. मी तुम्हाला नदीवर बोललो, ते सगळं माझ्याच घरचं होतं.”

मामांच्या हातातली भगवानची गचांडी सुटली. भगवान सदरा सारखा न करता तसाच रत्नापाशी गेला. मामा तात्यांसमोर उभे होते, आणि तात्यांनी त्यांची मनगटं अजून धरलेलीच होती. आता शिवी येईल, किंवा त्याहून वाईट काही, असं मला वाटलं, आणि आलं असतं तर मी मधे पडले नसते.

मामांची नजर तात्यांच्या शर्टाच्या खिशाकडे गेली. तिथे चष्म्याचं घर होतं.

“तुमच्यात हाय?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“तुमाला दुकतंय का काय, तात्या?”

“नाही,” तात्या म्हणाले. “काहीच दुखत नाही.”

“मग मानसाला कळावं तरी कसं,” मामा म्हणाले आणि तात्यांच्या हातातले हात न सोडवता खाली बसले.